तार शिरेतून की कातडीखालून? ३४ वर्षांच्या एका रुग्णासाठी आयसीडीची निवड

रुग्ण पुरुष, वय ३४. सांगलीजवळ कुपवाडच्या औद्योगिक वसाहतीत स्वतःचं फॅब्रिकेशनचं वर्कशॉप. घरी आई, पत्नी आणि ७ वर्षांची मुलगी. मधुमेह नाही, रक्तदाब नाही, तंबाखूचं व्यसन नाही. एका बंगल्याचं गेट बसवताना शिडीवरून खाली उतरला आणि उतरल्या जागी कोसळला. मिनिटभरात शुद्धीवर आला, कपाळाला तीन टाके पडले. ऊन लागलं असेल म्हणून घरच्यांनी लिंबूसरबत दिलं आणि विषय तिथेच मिटला असता. पण टाके घालणाऱ्या डॉक्टरांनी सहज म्हणून ईसीजी काढला आणि तो पाहून त्याच दिवशी इको करायला पाठवलं. त्या डॉक्टरांचे आभार मानावेत तेवढे थोडे आहेत.

मी पुण्यातल्या एका रुग्णालयाच्या डिव्हाइस क्लिनिकमध्ये तंत्रज्ञ आहे. पेसमेकर आणि आयसीडी (हृदयाची घातक लय ओळखून आतूनच शॉक देणारं यंत्र) बसवलेल्या रुग्णांची यंत्रं तपासणं, त्यांची सेटिंग बदलणं आणि बसवण्याआधी घरच्यांना सगळं समजावून सांगणं हे माझं रोजचं काम. इथे मांडलेलं प्रकरण एकाच माणसाचं नाही. सारख्या अवस्थेतल्या रुग्णांच्या फायलींमधून ते जुळवलं आहे, म्हणजे कुणाची ओळख पटणार नाही. ते लिहावंसं वाटलं, कारण जवळपास प्रत्येक घर एकच प्रश्न घेऊन येतं: "मॅडम, सगळ्यात चांगलं आयसीडी कोणतं?" या प्रश्नाचं उत्तर कंपनीच्या माहितीपत्रकात सापडत नाही. ते रुग्णाच्या ईसीजीत असतं, त्याच्या वयात असतं, आणि त्याच्या हृदयाला शॉकशिवाय आणखी कशाची गरज पडणार आहे यात असतं.

धोका किती होता

इकोमध्ये हृदयाच्या दोन खालच्या कप्प्यांमधला पडदा २७ मिलिमीटर जाड निघाला. एरवी तो ११-१२ च्या पुढे जात नाही. डावा वरचा कप्पा ४४ मिलिमीटर. रक्त बाहेर पडण्याच्या वाटेत मोठा अडथळा नव्हता, दाबातला फरक २० च्या आसपास होता. निदान झालं हायपरट्रॉफिक कार्डिओमायोपॅथी, म्हणजे हृदयाचा स्नायू जन्मजात कारणाने जाड होत जाणारा आजार. होल्टर, म्हणजे सतत ईसीजी टिपणारं छोटं यंत्र, लावला तेव्हा एका रात्री सलग नऊ ठोके खालच्या कप्प्यातून आलेले दिसले, मिनिटाला १८८ च्या वेगाने. आपोआप थांबले आणि रुग्णाला पत्ताही नव्हता.

मग घरातल्यांबद्दल विचारलं. थोरला भाऊ ३१ व्या वर्षी गेला होता, शेतात मोटर चालू करायला गेला आणि परत आलाच नाही. पोस्टमॉर्टेम झालं नाही. घरात आणि गावात सगळे म्हणत, "अटॅक आला." आपल्याकडे तरुण माणूस असा अचानक गेला की अटॅक म्हणूनच नोंद होते आणि चौकशी तिथेच थांबते. हार्ट अटॅकमध्ये हृदयाला रक्त पुरवणारी धमनी तुंबते. इथे धमन्या मोकळ्याच असतात. जाड झालेल्या, मधूनमधून व्रण पडलेल्या स्नायूत विजेची लाट भरकटते, खालचे कप्पे नुसते थरथरायला लागतात आणि रक्त पुढे जात नाही. व्हीएफ म्हणतात ती हीच अवस्था. काही मिनिटांत शॉक मिळाला नाही तर माणूस वाचत नाही. फरक महत्त्वाचा अशासाठी की भावाचा मृत्यू या दुसऱ्या प्रकारचा असेल तर त्याचा धाकट्याच्या या आजाराशी थेट संबंध लागतो.

युरोपियन हृदयरोग संस्थेने २०१४ मध्ये या आजारासाठी एक गणित दिलं. वय, पडद्याची जाडी, वरच्या कप्प्याचा आकार, दाबातला फरक, घरातला अचानक मृत्यू, होल्टरवरचे ते ठोके आणि कारण न सापडलेली बेशुद्धी एवढी माहिती घातली की पुढच्या पाच वर्षांत अचानक मृत्यूचा धोका किती टक्के ते कळतं. सहा टक्के किंवा जास्त आला तर आयसीडीचा विचार करावा, असं ते सांगतात. आमच्या रुग्णाचा आकडा २१ च्या आसपास आला. आयसीडी बसवायचं की नाही यावर चर्चा करण्यासारखं फारसं उरलं नाही. प्रश्न होता कोणतं बसवायचं याचा.

घरच्यांची बाजू

रुग्ण पहिल्यांदा आला तेव्हा त्याचं ठरलेलं होतं. मोबाइलवर व्हिडिओ पाहून आला होता. "ते कातडीखाली बसवतात ते द्या मॅडम. काळजात वायर नको." त्यामागे कारण होतं. त्यांच्या गल्लीतल्या एका काकांच्या पेसमेकरच्या जागी पू झाला होता, सगळं काढावं लागलं होतं आणि काका दोन महिने अंथरुणाला खिळले होते. असा अनुभव ज्याने डोळ्यांनी पाहिला आहे त्याला आकडेवारी सांगून समजूत पटत नाही, आणि पटावी अशी अपेक्षाही मी करत नाही. शिवाय त्याची मागणी चुकीची नव्हती. या वयाच्या रुग्णासाठी आम्हीही आधी त्याच यंत्राचा विचार करतो.

त्याच्या मेहुण्याने फुटबॉलपटू क्रिस्तियान एरिक्सनचा विषय काढला. १२ जून २०२१ ला कोपनहेगनमध्ये युरो स्पर्धेच्या सामन्यात एरिक्सन मैदानावर कोसळला, डॉक्टरांनी तिथेच शॉक देऊन त्याला परत आणलं आणि नंतर आयसीडी बसवलं. इटलीच्या लीगमध्ये ते यंत्र घेऊन खेळायला परवानगी नसल्याने त्याला इंटर मिलान सोडावं लागलं. तो इंग्लंडमध्ये ब्रेंटफर्डकडून परत मैदानात उतरला. मेहुण्याचा मुद्दा असा की यंत्र बसवून माणूस फुटबॉल खेळतो तर हे वेल्डिंग का करणार नाहीत? धीर देणारं उदाहरण आहे, मी ते खोडलं नाही. एवढंच सांगितलं की फुटबॉलच्या मैदानावर यंत्राच्या सिग्नलमध्ये गोंधळ घालणारा विजेचा प्रवाह नसतो. वेल्डिंगच्या केबलमध्ये तो असतो.

पत्नी बराच वेळ गप्प होती. तिने शेवटी विचारलं, "शॉक बसला की ह्यांना कळणार का?" कळणार, असं मी सांगितलं. बेशुद्ध असतील तर नाही, शुद्धीत असतील तर छातीवर घणाचा घाव बसल्यासारखं वाटेल. हे लपवून ठेवलं तर नंतर फार महागात पडतं. शुद्धीत असताना चुकीचा शॉक बसलेले रुग्ण मी पाहिले आहेत. त्यांना झोप येत नाही, एकटं राहवत नाही, काही जण जिना चढणं सोडतात. म्हणून यंत्र निवडताना अनावश्यक शॉकची शक्यता हा मुद्दा मी नेहमी पुढे आणते.

पर्याय काय होते

सगळ्यात जुना आणि सगळ्यात जास्त वापरला जाणारा प्रकार शिरेतून तार घालण्याचा. डाव्या खांद्याखाली, कॉलरच्या हाडाखाली छोटा छेद घेऊन शिरेतून एक लीड, म्हणजे ती तार, उजव्या खालच्या कप्प्यात नेतात आणि टोक स्नायूत रोवतात. बॅटरीचा डबा तिथेच कातडीखाली राहतो. हे यंत्र तीन कामं करतं. हृदय फार सावकाश झालं तर पेसमेकरसारखे ठोके देतं. खालच्या कप्प्याची लय वेगात पण नियमित असेल तर तिच्याहून किंचित जास्त वेगाने काही ठोके देऊन ती मोडतं. याला एटीपी म्हणतात आणि तो रुग्णाला बहुधा जाणवतही नाही. या दोन्हींनी भागलं नाही तर शॉक देतं. मिशेल मिरोव्स्की यांनी घडवलेलं पहिलं यंत्र ४ फेब्रुवारी १९८० ला बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात माणसाला बसवलं गेलं तेव्हा छाती उघडावी लागली होती. आज तासाभराचं काम आहे, भूलही बहुधा जागेपुरतीच.

त्याचा कच्चा दुवा म्हणजे लीड. हृदय दिवसाला साधारण एक लाख वेळा आकुंचन पावतं आणि प्रत्येक वेळी ती तार वाकते. काही वर्षांनी आतली धातूची दोरी तुटू शकते, वरचं आवरण झिजू शकतं. मेडट्रॉनिकची स्प्रिंट फिडेलिस लीड याच कारणाने २००७ मध्ये बाजारातून मागे घेतली गेली. सेंट ज्यूडच्या रियाटा लीडमध्ये आतल्या तारा आवरण कापून बाहेर येत असल्याचं नंतर उघड झालं. जुनी लीड शिरेला आणि हृदयाला चिकटून बसते, ती ओढून काढणं हे मोठं आणि जोखमीचं काम असतं. जंतुसंसर्ग झाला तर तो थेट रक्तात जातो. साठीच्या माणसासाठी हा हिशोब वेगळा. ३४ व्या वर्षी ती तार पुढची चाळीस वर्षं तिथे राहणार असते.

कातडीखालच्या यंत्रात, म्हणजे एस-आयसीडीत, शिरेला आणि हृदयाला हातच लावत नाहीत. डबा डाव्या काखेखाली बरगड्यांवर बसतो आणि लीड छातीच्या हाडाच्या कडेने कातडीखालून वर जाते. अमेरिकेत त्याला २०१२ मध्ये मान्यता मिळाली. हृदयापासून लांब असल्याने जास्त ताकद लागते. शिरेतलं यंत्र ३५-४० ज्यूलपर्यंत शॉक देतं, हे ८० देतं. त्यामुळे डबा मोठा, वजन सुमारे १३० ग्रॅम, म्हणजे शिरेतल्या यंत्राच्या जवळपास दुप्पट, आणि बॅटरी साधारण सात वर्षं. शॉकनंतर अर्धा मिनिट ठोके देण्यापलीकडे ते पेसिंग करत नाही आणि एटीपी त्याला येत नाही.

दोघांची समोरासमोर तुलना करणारा मोठा अभ्यास म्हणजे २०२० मध्ये प्रसिद्ध झालेला प्रिटोरियन. ८४९ रुग्ण, सुमारे चार वर्षांचा पाठपुरावा. यंत्रामुळे होणाऱ्या गुंतागुंती आणि अनावश्यक शॉक एकत्र मोजले तर दोन्ही गट बरोबरीत आले: कातडीखालच्या गटात १५.१ टक्के, शिरेतल्या गटात १५.७. पण आतले आकडे सुटे करून पाहिले की खरं चित्र दिसतं. गुंतागुंती कातडीखाली ५.९ टक्के, शिरेत ९.८. अनावश्यक शॉक कातडीखाली ९.७ टक्के, शिरेत ७.३. म्हणजे एका बाजूचा फायदा दुसऱ्या बाजूच्या तोट्याने जवळपास फिटला. त्यानंतर एस-आयसीडीची सिग्नल गाळण्याची पद्धत सुधारली आणि नव्या यंत्रांचा अनावश्यक शॉकचा आकडा खाली आला. अनटच्ड नावाच्या अभ्यासात तो पहिल्या वर्षी ३.१ टक्के होता.

रुग्णाच्या मेहुण्याने हे आकडे कागदावर उतरवून घेतले आणि म्हणाला, "मग कातडीखालचंच बरं की." मी त्याला एक गोष्ट दाखवली. प्रिटोरियनमधल्या रुग्णांचं मधलं वय ६३ च्या आसपास होतं आणि बहुतेकांचं हृदय अटॅकने दुबळं झालेलं होतं. त्यांच्यापैकी बहुतेकांचा स्नायू जाड नव्हता. आपल्या माणसाचा आहे, आणि नेमका त्यानेच या यंत्राच्या सिग्नलमध्ये घोळ होतो.

बाकीचे पर्याय इथे लवकर बाजूला पडले. दोन लीडचं यंत्र वरच्या कप्प्यालाही ठोके देतं, पण याच्या हृदयाचा वेग आणि वरून खाली जाणारा सिग्नल दोन्ही ठीक होते. जादा लीड म्हणजे नुसती जादा जोखीम. तीन लीडचं सीआरटी-डी यंत्र दोन्ही बाजूंचा ताल जुळवण्यासाठी असतं. याच्या ईसीजीत क्यूआरएस (ठोक्याची उंच टोकदार लाट) १०४ मिलिसेकंद, म्हणजे अरुंद होता, त्या यंत्राची गरजच नव्हती. छातीच्या हाडामागे लीड ठेवणारं ईव्ही-आयसीडी हा मला मनापासून आवडलेला प्रकार आहे. शिरेत तार नाही, तरी एटीपी देता येतो आणि डबाही लहान. अमेरिकेत त्याला ऑक्टोबर २०२३ मध्ये मान्यता मिळाली. हे प्रकरण चाललं तेव्हा तो पर्याय आमच्या हातात नव्हता.

ट्रेडमिलनंतरचा कागद

एस-आयसीडी बसवण्याआधी एक चाचणी करावीच लागते. छातीवर ईसीजीचे इलेक्ट्रोड यंत्राच्या जागी लावतात. एक छातीच्या हाडाच्या खालच्या टोकाच्या डावीकडे सेंटिमीटरभर, दुसरा तिथून १४ सेंटिमीटर वर, तिसरा डाव्या काखेखाली. यंत्र ज्या तीन दिशांनी हृदय ऐकणार असतं त्या तीन दिशांचे सिग्नल आधीच कागदावर मिळतात. त्यावर पारदर्शक पट्टी ठेवून प्रत्येक ठोक्याचा आकार तिच्या चौकटीत बसतो का ते बघायचं. आता प्रोग्रामर, म्हणजे यंत्राची सेटिंग करायचा संगणक, हे आपोआप मोजतो, पण मी अजून पट्टी लावून बघते. रुग्णाला डोळ्यांनी दिसलं की पटतं.

यंत्राची खरी अडचण टी लाटेत असते. प्रत्येक ठोक्यात आधी उंच टोकदार क्यूआरएस येतो आणि मागून बुटकी, पसरट टी लाट येते. यंत्राने फक्त क्यूआरएस मोजायचा असतो. टी लाट क्यूआरएसच्या तोडीची उंच असेल तर यंत्र एका ठोक्याचे दोन मोजतं. हृदय मिनिटाला १३० ने चाललेलं असतं आणि यंत्राच्या हिशोबी ते २६० असतं. मग ते शॉक देतं, जिना चढणाऱ्या, पूर्ण शुद्धीतल्या माणसाला. स्नायू जाड असलेल्यांमध्ये टी लाटा मोठ्या असतात, म्हणून त्यांची चाचणी आडवं आणि उभं करून झाली तरी पुरेशी मानत नाही. व्यायामानंतरही करतो.

आडवा असताना दोन दिशा चौकटीत बसल्या, उभा राहिल्यावर एक. पत्नीच्या चेहऱ्यावर हसू आलं. मग ट्रेडमिल. ठोके सावकाश ठेवणारी बीटा ब्लॉकरची गोळी चालू असल्याने वेग १४८ वर थांबला. पट्ट्यावरून उतरवून लगेच कागद काढला. उरलेल्या त्या एका दिशेत क्यूआरएस खुजा झाला होता आणि टी लाट त्याच्या बरोबरीने वर आली होती. पट्टी ठेवली तर टी लाटेचं टोक चौकटीबाहेर गेलं. पुढच्या ठोक्यातही, त्याच्या पुढच्याही. छातीच्या हाडालगतचे दोन इलेक्ट्रोड हाडाच्या उजवीकडे घेऊन परत केलं, कधी कधी त्याने जमतं. इथे जमलं नाही.

रुग्ण घामाघूम उभा होता, टॉवेल खांद्यावर. मी पट्टी त्याच्या हातात दिली. त्याने स्वतः दोन-तीन ठोक्यांवर फिरवून पाहिली. दिवसभर गुण्या आणि फूटपट्टी लावून काम करणारा माणूस, मापात बसत नाही म्हणजे काय हे त्याला माझ्याहून चांगलं कळतं. "म्हणजे मी गेट उचललं की हे मला ठोकणार," एवढंच म्हणाला.

निर्णय आणि सेटिंग

तिथून पुढे गोष्टी भराभर ठरल्या. आमच्या ईपी सरांनी, म्हणजे हृदयाच्या लयीच्या तज्ज्ञांनी, एकेरी लीडचं शिरेतून बसवायचं यंत्र सुचवलं. चाचणीत नापास होणं हे पहिलं कारण. दुसरं कारण होल्टरवरचे ते नऊ ठोके. ते नियमित होते, म्हणजे पुढे कधी लय लांबली तर एटीपीने, शॉकशिवाय मोडण्याची शक्यता होती. तिसरं, त्याची बीटा ब्लॉकरची गोळी पुढे वाढवावी लागली तर हृदय फार सावकाश होऊ शकतं, तेव्हा पेसिंग हाताशी असावं.

खर्चाचाही विचार झाला आणि तो लपवण्यात काही अर्थ नाही. एस-आयसीडीचा अंदाज एकेरी लीडच्या यंत्राच्या जवळपास दुप्पट होता, वर बॅटरी आधी संपणार. चाचणी पास झाली असती तर घरच्यांनी पतसंस्थेचं कर्ज काढून तेही केलं असतं, अशी त्यांची तयारी होती. पैसे कमी म्हणून हलकं यंत्र दिलं असं त्यांना वाटू नये, यासाठी सरांनी वेगळा वेळ दिला. महात्मा फुले योजनेबाबत आम्ही प्रत्येकाला सांगतो ते यांनाही सांगितलं: ऐकीव माहितीवर जाऊ नका, रुग्णालयातल्या आरोग्यमित्राकडे शिधापत्रिका घेऊन जा, आजार आणि यंत्र दोन्ही लिहून द्या आणि काय बसतं ते तिथेच विचारून घ्या.

काकांच्या जखमेची भीती उरली होती. संसर्गाचा धोका शून्य असतो असं कुणीही त्यांना सांगितलं नाही. प्रतिजैविक आधी देणार, जखम कशी ठेवायची, लाली, सूज किंवा पाणी दिसलं तर गावात मलम लावत न बसता थेट आमच्याकडे यायचं, हे मात्र पत्नीकडून परत वदवून घेतलं.

यंत्र बसलं. स्नायू जाड असल्याने सरांनी तपासणीसाठी मुद्दाम एकदा व्हीएफ घडवून २५ ज्यूलचा शॉक देऊन पाहिला. पहिल्याच शॉकला लय परत आली, म्हणजे हाताशी दहा ज्यूल शिल्लक राहिले.

आता माझं काम, आणि माझ्या मते घरच्यांना सगळ्यात कमी सांगितली जाणारी गोष्ट. कोणतं यंत्र बसवलं याइतकंच ते कसं लावून दिलं यावर रुग्णाचं पुढचं आयुष्य अवलंबून असतं. पूर्वी यंत्रं फार घाईने उपचार द्यायची. २०१२ मध्ये मॅडिट-आरआयटी नावाच्या, १,५०० रुग्णांच्या अभ्यासाने दाखवलं की जास्त वेगाला किंवा जास्त वेळ थांबून उपचार सुरू केले तर अनावश्यक उपचार तीन चतुर्थांशाहून जास्त कमी होतात, आणि मृत्यू वाढण्याऐवजी कमी होतात. आपोआप थांबणाऱ्या लयीला यंत्राने हात न लावणंच बरं. आम्ही या रुग्णासाठी उपचार मिनिटाला १८८ ठोक्यांपासून सुरू केले, आधी एटीपी आणि मग शॉक. २२० च्या वर व्हीएफ धरायचं. दोन्हीकडे यंत्र तीसच्या आसपास ठोके मोजून मगच पुढे जाईल. १७० पासून फक्त नोंद. हे आकडे दुसऱ्या कुणी आपल्या यंत्राला लावू नयेत, ते याच्या वयावर, गोळीवर आणि ट्रेडमिलवर ठरलेले आहेत.

वेल्डिंगचा प्रश्न मेहुण्याने सोडला नव्हता. कंपन्या करंटची मर्यादा आणि अंतर लेखी देतात. याच्या वर्कशॉपमधलं स्ट्रक्चरचं काम त्या मर्यादेला लागून चालायचं. शेवटी मशीन भावकीतल्या एका पोराच्या हातात दिलं. रुग्ण स्वतः माप, कटिंग, कोटेशन बघतो आणि वेल्डिंग चालू असताना चार हात लांब उभा राहतो. शिडीवर चढायचं नाही, ही अट यंत्रामुळे घातलेली नाही. शॉक लय परत आणतो, पण त्याआधीच्या काही सेकंदांत माणूस बेशुद्ध होतो, आणि तेव्हा तो जमिनीवर असावा. गाडी चालवण्याबाबतही काही महिने हेच कारण सांगितलं.

पुढचं सव्वा वर्ष

पहिली अडचण यंत्रात नाही, खांद्यात आली. तीन महिन्यांनी आला तेव्हा डावा हात खांद्याच्या वर जात नव्हता. वायर तुटेल या भीतीने त्याने तो हलवलाच नव्हता, शर्टही पत्नी घालून देत होती. पहिले चार ते सहा आठवडे हात डोक्याच्या वर नेऊ नका असं आपण सांगतो. त्यानंतर हात पूर्ण हलवा, हे तितक्याच जोरात सांगायला हवं. फिजिओथेरपीने दोन महिन्यांत सुटला.

पुढे एका तपासणीत यंत्राच्या नोंदीत मिनिटाला १७० ते १८० च्या वेगाचे, अगदी अनियमित अंतराने आलेले ठोके दिसले, सुमारे पाऊण तास चाललेले. एकेरी लीड वरच्या कप्प्यात नसते, त्यामुळे वरचा सिग्नल थेट दिसत नाही. पण अंतरांचा तो विस्कटलेला नमुना आणि ठोक्याचा नेहमीचाच आकार पाहून एएफ, म्हणजे वरच्या कप्प्यांची विस्कटलेली लय, ओळखू येतं. वेग १८८ च्या खाली राहिल्याने यंत्राने काही केलं नाही. जुन्या पद्धतीने लावलेलं असतं तर या माणसाला वर्कशॉपमध्ये उभ्या-उभ्या शॉक बसला असता. एकाच लीडवर वरच्या कप्प्याचा सिग्नल पकडणाऱ्या कड्या असलेला एक प्रकार मिळतो, बायोट्रॉनिकचा डीएक्स. या आजारात एएफ वारंवार होतं, त्यामुळे पुढच्या अशा रुग्णांसाठी त्याचा विचार आधीच करावा असं मी सरांना सुचवलं आहे.

या नोंदीचा दुसरा उपयोग मोठा झाला. हायपरट्रॉफिक कार्डिओमायोपॅथीत एएफ सापडलं की धोक्याचे बाकीचे गुण मोजत न बसता रक्त पातळ ठेवणारी गोळी सुरू करतात, कारण पक्षाघाताचा धोका बराच असतो. रुग्णाला धडधड जाणवली नव्हती. यंत्र नसतं तर हे कळलंच नसतं. गोळी सुरू झाली, बीटा ब्लॉकर वाढवला आणि गरज पडेल म्हणून ठेवलेलं पेसिंग आता रात्री अधूनमधून वापरात येतं. शॉक अजून एकही नाही. एटीपी एकदा दिला गेला, १९६ च्या वेगाला. रुग्ण तेव्हा जेवत होता आणि त्याला काहीच कळलं नाही.

मुलीचा ईसीजी आणि इको सध्या ठीक आहेत. दर एक-दोन वर्षांनी परत करायचे, कारण हा आजार वयात येताना दिसू लागतो. रुग्णाची जनुकीय तपासणी पाठवली आहे. त्यात दोष सापडला तर मुलीची एकदाच तपासणी करून तिला पुढे यायची गरज आहे की नाही ते ठरवता येईल. आईचा इको केला, तोही ठीक. राहिली थोरल्या भावाची मुलं. वहिनी नवरा गेल्यावर दोन मुलांना घेऊन अथणीला माहेरी गेल्या, दोन्ही घरांत बोलणं बंद आहे. त्यातला थोरला ११ वर्षांचा आणि शाळेच्या कबड्डीच्या संघात आहे. रुग्णाच्या आईने फोन करायचं कबूल केलं होतं, तो झाला नाही. मग पत्नीने केला. मुलांना घेऊन वहिनी पुढच्या सोमवारी मिरजेला इकोसाठी येणार आहेत. तोवर त्या मुलाला कबड्डीला पाठवू नका, असा निरोप आम्ही शाळेच्या सरांच्या नावाने लेखी दिला आहे.